डाव्या विंगेतली

प्रॉम्प्टरचा आवाज इतका बारीक, की हजेरीला तिने दिलेला 'हजर' सरांना कधी एका खेपेत ऐकूच आला नाही. तीच पडद्यामागून बोलली, की अक्षर न् अक्षर कानात पोचायचं. दवनीवाड्याच्या आमच्या शाळेत गॅदरिंगचं नाटक बसलं की मी हिरॉईन आणि ती डाव्या विंगेत वही धरून उभी. सगळे तिला प्रॉम्प्टरच म्हणत; तिचं खरं नाव मीसुद्धा क्वचितच घ्यायची.

सगळ्यांचे संवाद तिला पाठ असत. मी घाबरले की म्हणायची, "तू निस्ती रड वं, शब्द मी पाहून घेईन."

दहावीच्या नाटकात मेलेल्या भावाचं पत्र वाचताना मी पार कोरी झाले. तिने तीनदा वाक्य सांगितलं, तरी मी आपली थिजून उभी. लोकांना वाटलं, काय अभिनय करते पोरगी! टाळ्याच टाळ्या, वर पहिलं बक्षीस. मी विसरले होते, हे फक्त आम्हा दोघींना ठाऊक. "सांगू नको हं कोणाले," मी म्हटलं. "मी कायले सांगू?" ती म्हणाली.

अकरावीला आम्ही दोघी बसने गोंदियाला जाऊ लागलो. फेसबुक तेव्हा नवं नवं होतं. कॉलेजच्या नाटकात मला मुख्य काम मिळालं आणि आठवड्याभरात 'आईना' नावाचं एक खातं माझ्या फोटोंखाली लिहू लागलं. "नौटंकी, घर में भी ऐसे ही रोती है क्या?" माझे दात, माझे कपडे, आईचं लोकांच्या शेतात धानाच्या रोवणीला जाणं, काही म्हणता काही सोडलं नाही. सगळं हिंदीत, म्हणून मला वाटलं, शहरातली कोणीतरी जळकी असेल.

मला उत्तरं सुचायची नाहीत. बसमध्ये प्रॉम्प्टर शेजारी बसून सांगायची आणि मी टाइप करायची. "लिही, हिंमत असन तर तोंड दाखव." एकदा मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, तर म्हणाली, "कायले जीव जाळून राहिली? नाव काढून टाक नाटकातून." ऐकलं मी तिचं. काढलं नाव.

त्याच संध्याकाळी आईनाने लिहिलं, "दसवी में डायलॉग भूल गई थी, उसका भी इनाम ले लिया."

हे तर आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. भांडणातले माझे संवाद तिचे, आणि समोरचेही तिचेच! घात केला पोरीने माझा.

दुसऱ्या दिवशी बसस्टॉपवर तिला गाठलं. "काऊन केलं वं असं?"

खाली बघत, त्याच बारीक आवाजात ती म्हणाली, "शब्द माझे अन् टाळ्या तुले. तोंडावर बोलता येत नाही मले. मागून येते."

मी आणखी थांबले. तिचे ओठ हलत होते. कोणता शब्द अडलाय हे मला कळत होतं. मी सांगितला नाही. बस आली, मी एकटीच चढले.

आता मी शाळेत शिकवते. पोरं मोबाइलवर एकमेकांना असं विखारी का लिहितात, यावर स्टाफरूममध्ये चर्चा रंगते तेव्हा मी वह्या तपासत बसते. पण शिकवताना शब्द अडला, की अजूनही माझा डावा कान तिची वाट बघतो. तिच्यापेक्षा मला त्या कानाचाच जास्त राग येतो.