दिदीचे साठ दिवस

तहसील कार्यालयासमोर माझं फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. सातबारा, जातीचा दाखला, पीकविमा, पोरांची शिष्यवृत्ती, म्हाताऱ्यांचं निराधार अनुदान. गडचिरोलीच्या या कोपऱ्यात रेंज असली तर वीज नसते आणि वीज असली तर सरकारची साइट बसलेली असते, तरी मी माणसाला रिकाम्या हातानं परत पाठवत नाही. मला भरता येणार नाही असा फॉर्म सरकारनं अजून काढलेला नाही, असं मी छातीठोकपणे सांगत असे. आता सांगत नाही.

काका म्हणजे बाजारात मासे विकणारे, बंगाली वसाहतीतले. आमच्या जिल्ह्यात अशी बरीच गावं आहेत. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना सरकारनं इथं जंगलातली जमीन दिली आणि त्या लोकांनी तिचं धानाचं शेत केलं, बोड्या म्हणजे लहान तळी खणली, बोड्यांत मासे सोडले. काका आले तेव्हा आठ-नऊ वर्षांचे होते. आई त्यांच्या लहानपणीच गेलेली, मोठ्या बहिणीनं त्यांना कडेवर वाढवलं. पण घरदार सोडायची वेळ आली तेव्हा तिचं लग्न होऊन गेलं होतं. ती सासरी, तिकडेच राहिली. बाप आणि मुलगा इकडे आले. मधे सरहद्द पडली आणि भाऊबहिणीनं एकमेकांना पुन्हा पाहिलं नाही. अलीकडे मोबाइल आले तेव्हा आवाज तेवढा ऐकू येऊ लागला.

बाजाराच्या दिवशी काका माझ्या दुकानाच्या पायरीवर मासे घेऊन बसत. मी त्यांच्यावर दर बाजारी ओरडायची, वासानं गिऱ्हाईक पळतं म्हणून. ते हसायचे आणि जाताना एक रोहू माझ्या पिशवीत टाकायचे. दोन बाजार ते दिसले नाहीत. तिसऱ्या बाजारी मुलाच्या खांद्याला धरून आले, चेहरा पिवळा पडलेला. नागपूरच्या डॉक्टरांनी पोटाचा कॅन्सर सांगितला होता आणि दोन महिने, फार तर, असं म्हणून घरी पाठवलं होतं.

"बाई, दिदीले बलावून द्या," ते म्हणाले. "मले मराचंच आहे तं तिच्या समोर मराचं आहे."

मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना. संगणक उघडला. व्हिसाचे इतके प्रकार असतात हे मला त्या दिवशी कळलं. धंद्यासाठी येता येतं, शिकायला येता येतं, परिषदेला, नोकरीला, पत्रकार म्हणून, योगासनं शिकायलाही येता येतं. स्वतः आजारी असाल तर येता येतं, आजारी विदेशी माणसाची सोबत म्हणूनही येता येतं. पण काका भारतीय. इथल्या आजारी भावाच्या उशाशी बसायला परदेशातून यायचं, तर त्याला वेगळा रकाना नव्हता. नातेवाइकांची भेट पर्यटनात धरतात. म्हणजे ताडोब्याला वाघ पाहायला येणारे गोरे लोक आणि दिदी एकाच रांगेत. भारतीय वंशाच्या लोकांसाठी एक कार्ड असतं म्हणून मी हरखले, तर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, बांगलादेशाच्या लोकांना ते मिळत नाही. ज्या पोरानं एकाही कागदाशिवाय सरहद्द ओलांडली, त्याच्या बहिणीला मी बारा कागद गोळा करायला लावले. तिचा नातू तिकडून एकेक कागदाचा फोटो पाठवायचा आणि मी इकडून त्याला झापायची, की बाबा रे, कोपरा कापला गेलाय.

व्हिसा मिळाला. साठ दिवस राहता येईल, एकदाच येता येईल. दिवस मोजायचे ते सरहद्द ओलांडल्यापासून. तेव्हा मी डोकं चालवलं. साठ दिवस, आणि डॉक्टरांचे दोन महिने. मी काकाच्या मुलाला सांगितलं, आता वेळ घालवू नका, लगेच बोलवा, सगळं त्यात बसतं. बसतं! हा शब्द मी वापरला. आठवला की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

दिदी भाऊबीजेच्या चार दिवस आधी आली. ठेंगणी, पंचाहत्तरीची, पांढऱ्या साडीत. विदेशी माणूस घरी उतरला की चोवीस तासांत पोलिसांना ऑनलाइन कळवावं लागतं, त्या फॉर्मसाठी मी तिचा फोटो काढायला गेले होते. ती काकांच्या खाटेवर बसून त्यांचे कान तपासत होती. लहानपणी त्यांचा कान फुटायचा म्हणे. अडुसष्ट वर्षांचा माणूस मान वाकडी करून मुकाट बसला होता. मला हसू आलं. मी फोटो काढून पटकन निघाले.

भाऊबीजेला त्यांच्यात बहीण डाव्या हाताच्या करंगळीनं भावाच्या कपाळावर चंदनाचा टिळा लावते आणि म्हणते, यमाच्या दारात काटा पडो. इतकी वर्षं दिदी तो टिळा सासरच्या चौकटीला लावत होती. त्या दिवशी कपाळ मिळालं. तिनं चंदन इतकं भरभरून लावलं की टिळा भुवईपर्यंत ओघळला. काकांनी तो दिवसभर पुसू दिला नाही.

त्यानंतर काका बरे दिसायला लागले. मासळीचा रस्सा मागू लागले. पहिला महिना सगळं घर आनंदात होतं, मीसुद्धा. दुसऱ्या महिन्यात कुणीतरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर शेवटच्या तारखेभोवती पेनानं गोल केला आणि घरातली बोलणी कमी झाली. काका खंगत चालले होते, पण हळूहळू.

मी मुदतवाढीचा अर्ज टाकला. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. उत्तर नकाराचं आलं. मी व्हिसा कार्यालयाला फोन केला, तिथले साहेब चांगले बोलले. म्हणाले, "ताई, पेशंट त्या स्वतः असत्या तर काही करता आलं असतं." मी फोन ठेवला आणि कीबोर्ड आपटला. त्याची दोन बटणं निघाली.

गावातले लोक म्हणत होते, "ठेवून घ्या ना बुढीले. इथी जंगलात कोण पुसून राह्यला?" पण पहिल्याच दिवशी पोलिसांना कळवलं होतं मी. नियमानं वागले होते. आणि कळवलं नसतं तरी काकांनी ऐकलं नसतं. ते म्हणाले, "आमच्या पोराईच्या कागदाकडं आधीच सतरा डोळे लावून पायतेत. बांगलादेशी म्हणतेत. दिदी एक दिवस जास्त राह्यली तं नातवाच्या दाखल्याले कोण सही देईन?"

शुक्रवारी दिदीला निघायचं होतं. आदल्या रविवारी दुपारी मी काकांकडे गेले. दिदी आणि सून बोडीवर गेल्या होत्या. काकांचे ओठ फुटले होते. मी पाणी पुढे केलं तर त्यांनी तोंड फिरवलं.

"पाणी बंद केलं मी," ते म्हणाले. "दवाईच्या गोया पण थुकून देतो. कोणाले सांगू नका, बाई. बुधवारपर्यंत आटपून जाईन. गुरुवारी माती, शुक्रवारी दिदी मोकळी."

बाजारात मासे कधी आणायचे हे सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. मी त्यांच्यावर ओरडायला हवं होतं. क्षुल्लक वासासाठी ओरडणारी मी, त्या दिवशी गप्प बसले. सायकल घेऊन घरी आले आणि कुणालाही सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मला ते पटलं होतं. माझ्या मनातही तोच हिशोब चालू होता. बुधवारपर्यंत होऊ दे, असं मी त्या रात्री मनात म्हणाले. ज्याचे मासे वीस वर्षं फुकट खाल्ले, त्या माणसासाठी मी मरण मागितलं आणि मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

दिदीनं मंगळवारी पकडलं. गोधडी उन्हात टाकायला उचलली तर तिच्या टोकाला गोळ्या बांधलेल्या निघाल्या. मी तेव्हा तिथं होते, दिदीच्या परतीच्या तिकिटाचा कागद द्यायला गेले होते. ती ओरडली नाही. गोळ्या हातात घेऊन तिनं भावाकडे पाहिलं, मग कॅलेंडरकडे. तिला सगळं कळलं. काका तिच्याशी बंगालीत पुष्कळ बोलले, हात जोडले. काकाचा मुलगा मान खाली घालून उभा होता. दिदीनं थोडक्यात उत्तर दिलं. मी मुलाला विचारलं, काय म्हणते?

"म्हणते, मी याले मरताना पाह्याले नाई आली. मी याच्यासाठी आली."

मग ती चुलीशी गेली, तांदळाची पेज केली, फुंकून गार केली आणि खाटेवर येऊन बसली. काकांनी दात आवळून धरले. ती चमचा ओठांशी धरून बसून राहिली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पेजेवर साय धरली एवढं आठवतं. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण चमचा हलत नव्हता. शेवटी काकांनीच हुंदका दिला, आणि हुंदक्याला तोंड उघडलं तसा तिनं चमचा आत सारला. तिला कळत होतं ती काय करतेय ते. प्रत्येक चमच्यागणिक शेवटी जवळ असण्याची आपली संधी ती घालवत होती. ती वाटी संपेपर्यंत भरवत राहिली. मी बाहेर येऊन ओट्यावर बसले आणि मला माझीच शरम वाटली.

बुधवार, गुरुवार ती दर दोन तासांनी भरवत होती. शुक्रवारी काका भिंतीला टेकून बसू शकले. दिदी निघाली तेव्हा दोघंही रडली नाहीत, गाव मात्र रडत होतं. काकाचा मुलगा तिला हावड्यापर्यंत आणि पुढे सरहद्दीपर्यंत सोडून आला. शिक्का शेवटच्या दिवसाचा पडला. मी दुसऱ्या व्हिसाचा अर्ज त्याच आठवड्यात भरून ठेवला. तो मंजूर झाला नाही. दिदी गेल्यावर तेराव्या दिवशी सकाळी काका गेले.

मी गेले तेव्हा तिरडी बांधत होते. काकाच्या मुलानं फोन लावून माझ्या हातात दिला, "बाई, तुमी धरा, माह्याच्यानं नाई होत." पडद्यावर दिदीचा चेहरा होता, फार जवळ आणलेला, नुसते डोळे आणि कपाळ. मी फोन काकांच्या चेहऱ्यावर धरला. तिरडी उचलली तशी मी बाजूनं चालू लागले. बाया सहसा जात नाहीत, पण मला कुणी अडवलं नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाखोळीची निळी शेतं फुललेली होती.

आमच्याकडं रेंज जंगल नाक्यापर्यंतच असते. नदीचा घाट त्याच्या पुढं. नाक्याच्या अलीकडं चित्र अडकायला लागलं तसं मी म्हटलं, थांबा. आमच्या भागात वाटेत एकदा तिरडी खाली ठेवतातच, विसावा म्हणतात त्याला. त्या गावाची विसाव्याची जागा वेगळी होती, मागे पिंपळाखाली. तिथं एकदा ठेवून झालं होतं. तरी खांदेकऱ्यांनी पुन्हा ठेवली, भर रस्त्यात, आणि सगळे बाजूला झाले. मी फोन घेऊन धुळीत बसले. काकाच्या मुलानं वाकून दिदीला सांगितलं, की याच्या पुढं फोन चालत नाही, तू म्हणशील तेव्हा उचलू.

ती पाहत राहिली. एक मालट्रक आला, ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि तोही थांबला. कुणी घाई केली नाही. बऱ्याच वेळानं ती काहीतरी म्हणाली, एकच शब्द, आणि काकाचा मुलगा उठून उभा राहिला.

"उचला म्हणते," त्यानं सांगितलं.