शारजात पाच वेळा बांधलेलं टोकियो

मॉडेलच्या वर्कशॉपमध्ये किस्से भुशासारखे साठतात. रोज संध्याकाळी झाडून काढा, सकाळी टेबलाखाली थोडा भुसा असतोच. आमचं वर्कशॉप शारजात, रोल्ला चौकाच्या मागच्या गल्लीत. बिल्डरांच्या टॉवर्सची छोटी मॉडेल्स बनवणं हा धंदा. मी पाट्यांवरचा मजकूर लिहितो. माझी बायको सुनंदा मॉडेलमधली माणसं रंगवायची, तांदळाच्या दाण्याएवढी. गेल्या वर्षी ती गेली. खिडकीजवळचं तिचं टेबल तसंच होतं, आणि मालकांनी त्या जागेसाठी माणसं छापणारा थ्रीडी प्रिंटर मागवला होता. टेबल जायला नको, असं मला वाटत होतं. पण मी ते कुणाला म्हटलं नव्हतं.

नेमकं तेव्हाच टोकियोचं काम आलं. एका प्रदर्शनासाठी एकाच शहराची पाच मॉडेल्स: कोळ्यांचं गाव, किल्ल्याचं शहर, भूकंपानंतरचं, युद्धानंतरचं आणि आजचं. तपासणीला प्रदर्शनवाल्यांच्या जपानी सातो बाई. पास झालेल्या प्रत्येक वस्तूवर त्या एक हिरवा गोल स्टिकर लावायच्या.

*

आमचे फोरमन इब्राहिमचाचा रत्नागिरीकडचे. सातो बाईंनी पहिला नकाशा पसरला. एडो, म्हणजे जुनं टोकियो. दलदल, होड्या, चार झोपड्या. चाचांनी तो सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला आणि म्हणाले, "ही तर आमचीच खाडी."

पुढे टेकडी फोडून त्या मातीने खाडी बुजवली आणि त्यावर शहर वसवलं, असं बाईंनी सांगितलं. चाचांना त्याचं काही नवल वाटलं नाही. दुबईत त्यांचा जन्म हेच बघण्यात गेला होता. त्यांनी एवढंच विचारलं, की मग कोळी कुठे गेले?

किल्ल्याला मासे पुरवणाऱ्या कोळ्यांना तिथेच एक बेट मिळालं, बाई म्हणाल्या.

"मग काय, इथल्या महागड्या टॉवर्सचं अल रीम आयलंडच मिळालं म्हणा की!"

*

शांताराम संगमेश्वरचा, कटिंगमधला आमचा सगळ्यात चांगला हात. आमच्याकडे एक न लिहिलेला नियम आहे: टॉवर मापापेक्षा बोटभर उंच कापायचा, बिल्डर खूश होतो. शांतारामने सवयीने टोकियोही बोटभर उंच कापलं.

सातो बाईंनी पट्टी लावली. पुन्हा लावली. एकाही टॉवरला स्टिकर मिळाला नाही. कारण विचारलं तेव्हा शांताराम प्रामाणिकपणे म्हणाला, "मॅडम, सबको अच्छा लगता है."

बाईंनी पट्टी खाली ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "भूकंपाला नाही आवडत."

*

मालक रोज प्रिंटरचं विचारायचे. खोका दाराशी पडून होता. चाचा रोज म्हणायचे, "इन्शाल्ला, उद्या."

*

एकदा माझी मुलगी सई शाळेतून परस्पर वर्कशॉपमध्येच आली. पाचही मॉडेल्स बघून तिने विचारलं, "बाबा, सो विच वन इज द ओरिजिनल?" शहर इतक्या वेळा जळलं आणि पडलं, तर खरं कोणतं? पाट्या मीच लिहिलेल्या, म्हणून मी त्या पुन्हा पहिल्यापासून वाचू लागलो.

सातो बाईंनी किल्ल्याभोवतीच्या खंदकावर बोट ठेवलं. मग शेजारच्या मॉडेलवर, मग त्याच्या शेजारच्या. खंदक पुढे सगळीकडे तोच, तिथेच.

सईने वाकून ते निळं पाणी बघितलं. "ओके. मेक्स सेन्स."

चारशे वर्षांवर तिचं म्हणणं एवढंच.

*

किल्ल्याचा मनोरा शांतारामने आठवडाभर खपून केला. एकेक कौल वेगळं. या वेळी माप चोख. बाईंनी तो दोन्ही हातांनी उचलला, मनापासून कौतुक केलं, आणि बाजूला ठेवून दिला.

मॉडेल मोठ्या आगीनंतरच्या शहराचं होतं, आणि त्या आगीत मनोरा जळाला होता. आधी शहर उभं करायला हवं होतं, म्हणून तो पुन्हा उभारायचा राहिला; नंतरही कुणी बांधला नाही. दगडी जोतं आजही मोकळं आहे. बाईंनी त्या मोकळ्या जोत्याला स्टिकर लावला.

शांतारामला ते पटेना. शहराच्या मधोमध एवढी मोक्याची जागा आणि वर काहीच नाही! चाचा मात्र विचारात पडले. पुन्हा बांधा असं कुणी म्हटलंच नाही का, असं त्यांनी विचारलं. म्हणणारे होते, बाई म्हणाल्या.

"मग?"

"मग तसंच राहू दिलं."

*

मॉडेल्स न्यायच्या दिवशी मालक आले. काम बघून खूश झाले. मग त्यांना दाराशी खोका दिसला. यल्ला, चला, आजच प्रिंटर लावा, ते टेबल बाहेर काढा, म्हणाले. मी शेवटची पाटी चिकटवत होतो. चिकटवत राहिलो.

चाचा जागचे हलले नाहीत. "साहब, वो नहीं निकलेगा. वो जगह प्लॅन में खाली है."

"कौन से प्लॅन में?"

चाचांनी सातो बाईंकडे बघितलं. शांतारामने बघितलं. मीही बघितलं.

सातो बाई टेबलापाशी गेल्या. सुनंदाचे ब्रश अजून पेल्यात उभे होते. बाईंनी टेबलाच्या चारही बाजूंना पट्टी लावून माप घेतलं. मग पर्स उघडली आणि टेबलाच्या कोपऱ्यावर एक हिरवा स्टिकर लावला.