ओल्या फडक्याने पुसलेली नळी
परवा दातांच्या दवाखान्यात जंतुनाशकाचा नाकात झोंबणारा वास आला आणि मला ऐंशीच्या दशकातलं अंधेरीचं ते इस्पितळ आठवलं. माझं पोट सारखं दुखायचं, म्हणून घशातून दुर्बीण घालून आत बघायचं ठरलं होतं. फवारा मारून घसा बधिर केलेला, तोंड उघडं राहावं म्हणून दातांत प्लास्टिकची कडी, आणि मी टेबलावर कुशीवर पडलेली. माझ्या आधीच्या नंबरचे, कावीळ झालेले एक आजोबा नुकतेच खोकत बाहेर गेले होते. त्यांच्या पोटातून काढलेली दुर्बिणीची काळी नळी डॉक्टरांनी ओल्या फडक्याने पुसली आणि तीच माझ्या तोंडाशी आणली. बोलता तर येईना, म्हणून मी दोन्ही हातांनी तोंड घट्ट झाकलं. "अहो, हात काढा ना, बाहेर लाइन लागलीय," डॉक्टर खेकसले. मी मान हलवत नळीकडे बोट दाखवलं. तेव्हा नर्स हळूच म्हणाली, "सर, ही जंतुनाशकात भिजवायची राहिलीय." डॉक्टरांनी नळी तिच्या हातात दिली. ती भिजवून, धुऊन येईपर्यंत मी टेबलावर बसून राहिले. पुढे तपासणी नीट पार पडली, साधा अल्सर निघाला. पण त्या आजोबांच्या घशात घालण्याआधी तरी ती नळी कुणी भिजवली होती का, हे विचारायची हिंमत मला झाली नाही, आणि आजही ते मनात आलं की अंगावर काटा येतो.