लोहाराचं पाणी

निजामाच्या अमलात आम्ही पाली गावची माणसं विळे घेऊन बीडच्या पेठेतल्या एका लोहाराकडं जायचो. शेजारचा सराफ मोत्याच्या तेजाला पाणी म्हणायचा, आम्ही पिकाला पाणी द्यायचो. हा लोहार मात्र तापलं पातं विझवून त्याला पाणी द्यायचा. कामात असला की मान वर करत नसे.

एकदा कपिलधारहून चालत आलेली म्हातारी दारात थांबली. "दादा, पाणी देतो का?"

"आज लई काम हाय. उद्या या."

ती निघून गेली. मी म्हणालो, "तिच्या हातात विळा नव्हता."

तो तांब्या भरून धावला. ती बैलांच्या हौदावर वाकून ओंजळीनं पीत होती.

"आजी, मला वाटलं, विळ्याला..."

तिला काही कळेना. भरला तांब्या धरून तो खाली मान घालून उभा राहिला.