अठ्ठ्याऐंशीचे उलटे आटे

पाणीखात्यातल्या चावीवाल्याच्या डोक्यात दोनशे बारा व्हॉल्व्ह होते. शहराच्या पूर्व भागातल्या रस्त्यांखालीही तेवढेच होते, पण तिथले कुणाला सापडत नसत. कुठल्या झाकणाखाली कुठला, किती फेऱ्यांत बंद होतो, कुठला शेवटच्या फेऱ्याला रुसतो आणि मग त्याला शिवी चालत नाही, थोपटावं लागतं, हे सगळं त्याने चौतीस वर्षं डोक्यात रचून ठेवलं होतं. कागदावर एक अक्षर नाही. कागद भिजतो, असं तो सांगे. कागद दुसऱ्यालाही वाचता येतो, हे खरं कारण तो सांगत नसे.

निवृत्तीला महिना राहिला तेव्हा त्याला एक गोष्ट स्वच्छ दिसत होती. ज्याचं डोकं भरलेलं, त्याला कार्यालय मुदतवाढ देतं. ज्याचं रिकामं झालं, त्याला भिंतीवरचं घड्याळ. घरी दोन घड्याळं आधीच होती, आणि बायको होती. मागे एकदा आठवडाभराच्या रजेत त्याने तिच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांना नंबर दिले होते. साखर चौदा नंबरला गेली ती तीन दिवस कुणाला दिसली नाही. तेव्हापासून बायकोचं म्हणणं असं, की तुम्ही कायमचे घरी बसणार असाल तर मी माझ्या भावाकडे राहायला जाते. ती हे भांडणाच्या सुरात म्हणत नसे. बसच्या वेळा विचारून आल्यासारखं म्हणे. म्हणजे मुदतवाढ हवीच होती.

कार्यालयात नवीन इंजिनिअर बाई आल्या होत्या, वयाने त्याच्या मुलीएवढ्या. उद्या मोठी लाइन फुटली आणि काका, तुम्ही नसलात तर काय करायचं, असं त्यांनी अदबीने विचारलं. त्याने तितक्याच अदबीने सगळं सांगायची तयारी दाखवली आणि सांगितलंही. जिथे पूर्वी बर्फाचा कारखाना होता तिथून सात पावलं, जुन्या पोस्टमनच्या चालीने. कारखाना पाडून वीस वर्षं झाली होती आणि पोस्टमन त्याच्याही आधी गेला होता. पण यातला शब्द न् शब्द खरा होता. बाईंनी चार पानं लिहून घेतली, वही मिटली आणि आभार मानले.

सोमवारी त्याच्या टेबलावर एक जाडजूड रजिस्टर उघडं पडलेलं होतं. बाईंच्या निळ्या अक्षरात लिहिलं होतं : व्हॉल्व्ह तीन, शाळेच्या फाटकासमोर, नऊ फेरे.

फाटकासमोर नाही, मागच्या भिंतीशी. आणि नऊ नाही, बारा. त्याने रजिस्टर मिटलं, चहा प्यायला, पुन्हा उघडलं. एवढं एकच, असं स्वतःला बजावून लाल पेन्सिल घेतली. गुरुवारपर्यंत तो साठाव्या व्हॉल्व्हवर होता आणि समासात शेरेही मारू लागला होता. ‘लिहिणाऱ्याने इथे पाय तरी ठेवलाय का?’ रोज सकाळी नवी पानं येत आणि चुका दिवसेंदिवस निर्लज्ज होत जात. एक व्हॉल्व्ह तर बाईंनी पोलीस चौकीच्या आत दाखवला होता.

घरी त्याने कुरकुर केली की कार्यालयात सगळे अडाणी भरलेत, एक ओळ धड लिहिता येत नाही.

“मग तुम्ही काय केलंत?” बायकोने विचारलं.

“दुरुस्त करून दिलं.”

बायकोने लाटणं बाजूला ठेवलं. “सगळं दुरुस्त करून दिल्यावर तुमच्यापाशी काय राहणार, अहो?”

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी समोर अठ्ठ्याऐंशी नंबर आला. चौकातली मोठी लाइन. बसवला तेव्हा उलट्या आट्यांचा आला, तो तसाच बसवला. बाकी सगळे उजवीकडे बंद होतात, हा उजवीकडे उघडतो. रजिस्टरात होतं : उजवीकडे, सोळा फेरे. त्याने उजवा हात मांडीखाली दाबून धरला आणि डाव्या हाताने पान उलटलं. दुपारचा डबा तसाच परत नेला. मग पोटदुखीची रजा टाकली. काही दिवस आपल्याविना जाऊ देत, किंमत कळेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला चौकात लाइन फुटली. बातमी कानावर येताच तो पोहोचला तेव्हा शिंप्याच्या दुकानात पाणी शिरत होतं आणि शिंपी कापडाचे तागे वरच्या फळीवर चढवत होता. तो गर्दीच्या मागे उभा राहिला. चेंबरमध्ये लांब चावी घालून दोघं जण व्हॉल्व्ह फिरवत होते, शेजारी गुडघाभर पाण्यात बाई, छातीशी रजिस्टर. अठ्ठ्याऐंशी एरवी अर्धाच उघडा असे. उजवीकडे एक फेरा झाला, पाणी वर उसळलं. दुसरा झाला, आणखी उसळलं. आता फक्त उभं राहायचं होतं. पाच मिनिटांत कुणीतरी म्हणेल, काकांना बोलवा. सहा महिन्यांची मुदतवाढ, कदाचित वर्षाचीही.

चौथ्या फेऱ्याला गर्दीतून आवाज आला, “डावीकडे फिरवा रे, डावीकडे!”

आवाज त्याचाच होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं, त्याने स्वतःनेही नाही.

वीस फेऱ्यांत पाणी थांबलं. बाई निथळत त्याच्यासमोर आल्या.

“काका, हे तुम्हाला माहीत होतं?”

“बसवला तेव्हापासून.”

“मग दुरुस्त का नाही केलंत? ज्या ओळीला तुमची पेन्सिल लागली नाही ती मी बरोबर धरली.”

त्याने शिंप्याच्या दुकानाकडे पाहिलं. मग सावकाश विचारलं, “म्हणजे बाकीचं तुम्ही मुद्दाम चुकीचं...?”

“सुचेल ते लिहीत होते,” बाई म्हणाल्या. “पोलीस चौकीच्या वेळी वाटलं, आता तुम्ही ओळखणार.”

महिनाअखेरीस त्याला निरोप मिळाला, छोटं भाषण मिळालं आणि घड्याळ मिळालं. मुदतवाढीचा विषय कुणी काढला नाही.

पहिल्या तारखेला तो आठ वाजता उठला. स्वयंपाकघरात नळ चालू होता. पाणी वेळेवर आल्याचं बायकोने जरा ठासून सांगितलं. त्याने धारेखाली बोट धरलं, मान तिरकी करून ऐकल्यासारखं केलं.

“नव्या माणसाने अर्धा फेरा कमी उघडलाय.”

“मग जाऊन सांगा.”

“मी कोण आता सांगणारा?”

तो मग डब्यांच्या फळीकडे पाहू लागला, नीट, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. एवढ्यात बायको दाराशी गेली आणि त्याच्या चपला उंबऱ्याबाहेर मांडून आली, टोकं रस्त्याकडे करून.