बाभळीतले पिंगळे

अख्ख्या खानदेशात पक्ष्यांवर माझ्या मामेसासऱ्यांइतका जीव कुणी लावला नसेल, आणि त्यांच्याइतके पक्षी कुणी उडवलेही नसतील. एसटी स्टँडवर तीस वर्षं गाड्या पुकारून तयार झालेला त्यांचा आवाज निवृत्तीनंतरही खाली यायला राजी नव्हता. तलावाकाठी मी श्वास रोखून उभा असायचो, खंड्या पाण्यावर टक लावून बसलेला असायचा, आणि शेजारून आरोळी उठायची, "खंड्याऽ! डाव्या हाताला खंड्याऽ!" खंड्या अर्थातच तत्काळ सुटायचा. मामांबरोबर मी पुष्कळ जातींचे पक्षी पाहिले, पण बहुतेक सगळे पाठमोरे. "मामा, जरा हळू," म्हटलं की मलाच झापायचे. माणूस मूळचा धुळ्याकडचा, त्यामुळे राग आणि माया दोन्ही अहिराणीतच यायची. "जावईबापू, नाव लिधाबिगर वळख कशी व्हई?"

नव्वदच्या आसपासची ही गोष्ट. फाल्गुन लागला की दर रविवारी पहाटे ते खाकी शर्ट चढवून माझ्या दारात हजर. मेहरूण तलावावर थंडीचे पाहुणे परतायच्या बेतात असायचे, त्यांना निरोप द्यायचा. तिथून सायकलींवर, कापूस वेचून झालेल्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या रानातून चंडोल ऐकत असोद्याकडे. वाटेत पळस फुललेला असला की त्यावर भोरड्यांची झुंबड असायची, आणि मामा त्यांना रांगेत बसायला सांगायचे. दुर्बीण मी त्यांना भेट दिली होती, ती त्यांनी कपाटात ठेवून दिली. दुर्बिणीनं बघणं म्हणजे लोकांच्या खिडकीत डोकावणं, असं त्यांचं ठाम मत होतं. केळीच्या बागेत तर त्यांची वागणूक मालकासारखी. घड धरला की शेतकरी केळफूल कापून टाकतो; मामा त्याच्यापुढे हात जोडायचे, कारण त्या फुलात शिंजीर चोच घालून बसलेला असायचा. "दोन दिवस राहू द्या भाऊ, त्याचा चहा चाललाय." शेतकरी हसायचे, पण ऐकायचे. त्या माणसाला नाही म्हणणं अवघड होतं.

असोद्याच्या नाल्यावर एक अर्धी वाळलेली बाभूळ होती. तिच्या ढोलीत पिंगळ्यांची, त्या मूठभर घुबडांची, जोडी होती, आणि मामांच्या हिशेबानं आत अंडीही होती. होळीच्या आदल्या रविवारी आम्ही पोचलो तर झाडाखाली चार-पाच जण कुऱ्हाडी घेऊन उभे. खोडाला कुंकू लागलेलं, नारळही फुटलेला. मामांनी सायकल टाकली आणि खोडाला पाठ लावून उभे राहिले.

"आबा, आता हे होयीचं झाड झालं," त्यांच्यातला एक वयस्कर माणूस समजुतीनं म्हणाला. "कुंकू लावलं की मांगं फिरता येत नाही. अन् पिंगयासाठी कशाले भांडता? घरावर बोलला तं माणूस जातं."

मामांना वाद येत नसे, फक्त आवाज येत असे. पण त्या दिवशी त्यांनी डोकं चालवलं. होळीला चोरलेलं लाकूड चालतं ना, म्हणून विचारलं. "चालतं? चोरीचं तं पह्यलं टाकतो आम्ही!" मग मामांनी भर नाल्यात चोरांना स्वतःच्या घराचा पत्ता दिला, वळणासकट. "सागवानी पलंग आहे, चांगला जाडजूड. दार लोटलेलं असेल. फक्त चपला बाहेर काढा." कुंकवाचा मान राखायला बाभळीची एक वाळकी फांदी न्यायची आणि बाकी होळी पलंगाची, असं ठरलं. कुऱ्हाडी खांद्यावर गेल्या. मला इतकं हसू येत होतं की उभं राहवेना.

होळीच्या दुपारी बैलगाडी आली. चोरी रीतसर व्हावी म्हणून मामा ओट्यावर भिंतीकडे तोंड करून घोरत पडले. ते घोरणं चौकापर्यंत ऐकू जात होतं. चोरांना पलंग दारातून निघेना, तेव्हा डोळे मिटूनच त्यांनी सांगितलं, "आडवा करा, आडवा!" गाडी कोपऱ्यावर वळल्यावर मी आत गेलो. पलंगाची जागा फरशीवर फिकट दिसत होती, आणि तिच्या शेजारी मामांची सतरंजी अंथरलेली होती. मला वाटलं, आजपासून खाली झोपायचं म्हणून आत्ताच अंथरली. पण उशी झिजून पार चपटी झालेली. मामी जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि या सहा वर्षांत त्या पलंगावर कुणीच झोपलं नव्हतं, खुद्द मामाही नाही. आम्ही घरचेच, पण आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. नाल्यावर आपण हसलो याची मला लाज वाटली.

ओट्यावर परत येऊन मी विचारलं, "मामा, मामींचा पलंग दिलात?"

ते उठून बसले आणि शर्टाची बटणं नीट लावत राहिले.

"तिले इचारीसनच दिधा मी," ते म्हणाले. "ती बोलनी, ढोलीमा अंडी शेतस, दी टाका."