फाटकावरचे सहा पक्षी

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर आपलं नवं फाटक पाहून तुम्ही म्हणालात, “आजी, रेडीमेड डिझाइन छान निवडलंस.” म्हणून हे आजच लिहिते आहे. ते रेडीमेड नाही. अंगणातला कडुनिंब आणि त्यावरचे सहा पक्षी तुमच्या आजोबांनी शेवटच्या आजारपणात, खिडकीतून पाहून, पेन्सिलने काढले होते. त्यांच्या हातचं तेवढं एकच चित्र उरलं आहे. ते जसंच्या तसं फाटकावर यावं, एवढीच माझी इच्छा होती.

दिग्रसला प्लाझ्मा मशीनवर लोखंडी पत्रा कापणारा एक कारागीर आहे. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये मोर, गणपती, वेली तयारच असतात. “चित्र ठेवून जा,” म्हणाला, तेव्हाच मला शंका आली. हा त्यातलंच एखादं झाड माझ्या माथी मारणार. मी कागद सोडला नाही. समोर उभं राहून फोटो काढू दिला आणि पडद्यावरच्या फांद्या मोजल्या. रेषा जाड, काळ्या करताना त्याने एक फांदी सरळ केली. ती पुन्हा वाकडी करायला लावली.

मग पाहते तर पडद्यावर प्रत्येक पक्ष्याला बाजूच्या पत्र्याशी जोडणाऱ्या दोन बारीक पट्ट्या.

“या मूळ चित्रात नाहीत.”

“आजी, पाखरू चारी बाजूनं कापलं तं ते धरून राहीन कशाले? पट्टी लागतेच.”

“तेवढं कापायचं तुझं वाचतं. काढ त्या.”

“तुमाले वाटून राह्यलं, मी फसवून राह्यलो. बरं, काढतो. मंग मले बोलू नका.”

त्याने छापून दिलेल्या डिझाइनवर मी बाराही पट्ट्या लाल पेनाने खोडल्या आणि खाली सही केली.

मशीन सुरू झालं. काळ्या काचेतून मी पाहत होते. पहिला पक्षी पुरता कापून झाला आणि टेबलाखाली ठिणग्या विझवायला ठेवलेल्या पाण्यात पडला. मग दुसरा. मग सगळेच. झाडात सहा भोकं राहिली.

“उडाले जी तुमचे पाखरं!” तो म्हणाला. “सही तुमचीच हाय.”

दुसऱ्या पत्र्यावर त्याने पट्ट्या ठेवून कापलं. ती फांदी मात्र त्याने थोडी सरळ केलीच, असं मला अजून वाटतं.

अंगणातला कडुनिंब रस्ता रुंद करताना तोडला गेला. फाटकात सहाही पक्षी जागेवर आहेत आणि पेन्सिलचं चित्र माझ्या कपाटात आहे.